अळणी दीड वर्ष

माझ्या नवऱ्याला मी दीड वर्ष मीठ दिलं नाही. आमचं घर मिठागराच्या बांधालगत होतं. उंबऱ्यावर उभं राहिलं की समोर मिठाच्या राशी दिसायच्या, आणि त्या घरात मी वेगळ्या मडक्यात अळणी भात शिजवत होते. हे कुणाच्या धाकाने केलं नाही. मनापासून केलं, नेमाने केलं, आणि त्याचा मला अभिमानही होता. आता वय झालंय, लपवून ठेवून कुणाचं भलं व्हायचं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी माझं लग्न झालं. माहेर चौलचं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, मी सातवी पास. आमच्या लोकांत तेव्हा सातवी शिकलेली मुलगी कुणी पाहिलेली नव्हती, त्यामुळे माझं नाक जरा वरच असायचं. सासर खाडीकाठचं, पेणच्या बाजूचं. पावसाळ्यात भातशेती आणि थंडी सुरू झाली की मिठागर. हे त्या मिठागरावर पाण्याचं काम बघायचे. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, केव्हा आत घ्यायचं, किती दिवस कोंडायचं, कोणत्या वाफ्यात कधी सोडायचं, हे सगळं ह्यांच्या डोक्यात. माणूस बोलका, थट्टेखोर. मी पेपर वाचायला बसले की म्हणायचे, "आमाला पन सांग गो, मुंबईत कोन काय बोल्ला." मला हे माणूस म्हणून आवडले होते. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच झालं.

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात अंगणात भात झोडताना हे आडवे झाले. दातखीळ, तोंडाला फेस, हातपाय ताठ. सासूबाईंनी न गडबडता कांदा फोडून नाकाशी धरला. त्यांचा हात इतका सरावलेला होता की मला तिथेच कळलं, हे पहिल्यांदा होत नाही. लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. "उन्हाचं हाय," सासूबाई म्हणाल्या. पौष महिन्यात कसलं ऊन. मी गाठोडं बांधून बसले. ह्यांना शुद्ध आली, गाठोडं पाहिलं आणि म्हणाले, "जायाचं तर जा. पन सांगून जा, म्हंजे मी वाट बघनार न्हाय." मी गाठोडं सोडलं. चूक केली असं आजही वाटत नाही.

मी सातवी पास असल्याने मांत्रिक-देवऋषी नको, डॉक्टरच पाहिजे, असा हट्ट मीच धरला. तालुक्याच्या गावी एक मोठे डॉक्टर होते. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या नावाचा चौक आहे आता, तो असू दे. त्यांनी तपासलं, चार प्रश्न विचारले आणि कंपाउंडरने मिक्श्चरची बाटली दिली. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेली, तिच्या कडेला कात्रीने कापलेल्या खुणा. एक खूण एका वेळेला, दिवसातून तीनदा. "बंद करायचं नाही," डॉक्टर म्हणाले, "बंद केलं तर पुन्हा येईल." एवढंच. किती दिवस, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

औषधाने गुण आला. खोटं कशाला बोलू, महिने गेले तरी फेफरं आलं नाही. सासूबाई मला पहिल्यांदा "शानी हायस" म्हणाल्या. बाटलीचा कारभार माझ्याकडे. रिकामी बाटली धुऊन न्यायची, कंपाउंडर भरून द्यायचा, डॉक्टर आतल्या खोलीतून वर बघायचेही नाहीत. ह्यांना न्यायची गरजच नव्हती. अशी सहा वर्षं गेली. सहा वर्षांत त्या डॉक्टरांनी ह्यांच्या मनगटाला एकदाही हात लावला नाही, आणि मी, शहाणी बाई, प्रत्येक बाटलीच्या खुणा उजेडात धरून तपासून घेत होते, एखादी कमी तर नाही ना.

माणूस कधी बदलायला लागला ते सांगता येत नाही. भिंत ओल धरते तसं झालं, डाग दिसला तेव्हा ओल केव्हाच आत गेलेली. आधी थट्टा कमी झाली. मग एक प्रश्न दोनदा विचारायला लागले. जीभ जड झाली, शब्द एकमेकांना चिकटून यायचे. चालताना तोल जायचा. मिठागराच्या बांधावर, जिथे डोळे मिटून चालले असते, तिथून दोनदा चिखलात पडले. तेव्हा दारूबंदी होती. खाडीपलीकडे हातभट्ट्या चालायच्या, हे पोलिसांना माहीत होतं, पण सापडायचा कोण, तर ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही तो. बाजारात झोकांड्या खाताना बघून हवालदाराने ह्यांना धरलं आणि दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. मी औषधाची बाटली घेऊन सोडवायला गेले. हवालदाराने बूच काढून वास घेतला, बोट बुडवून चाटलं आणि म्हणाला, "खारट हाय. दारू न्हाय." त्याने एका बोटावर जी चव घेतली ती मी इतक्या वर्षांत घेतली नव्हती.

मिठागरावरचं पाण्याचं काम गेलं. मालकाने ह्यांना मीठ ओढायला लावलं, मग तेही जमेना. त्यातच चेहऱ्यावर आणि पोटऱ्यांवर फोड उठले, लाल, पिकलेले, एक बसला की दुसरा. आता आमच्याकडे अंगावर फोड आले की मीठ बंद करतात. मीठ रक्त नासवतं, ही आमच्याकडची समजूत. दिवसभर उघड्या पायांनी मिठात उभं राहणाऱ्यांच्या पायांना चिरा पडतात, त्या चिघळतात, म्हणून मिठाचा धाक आमच्या लोकांना जरा जास्तच. सासूबाई म्हणाल्या, "अळनी घाल त्याला. म्हैनाभर." मी तालुक्याला जाऊन डॉक्टरांना विचारलं. आतल्या खोलीतून उत्तर आलं, "चालेल, चालेल, मीठ कमीच बरं." मग काय, मला दोन्हीकडून आधार मिळाला.

महिन्याने फोड बरे झाले नाहीत, वाढले. सासूबाई म्हणाल्या असतील, सोड आता. पण मी सोडणारी नव्हते. मला वाटलं, पथ्य नीट पाळलं जात नाहीये. सुकी मासळी घरात आणायची बंद केली. लोणच्याची बरणी फळीवर, माझाच हात पोचेल अशी ठेवली. हे मीठ मागायचे. लहान मुलासारखे मागायचे, "थोडं दे गो, चिमूटभर." मी नाही म्हणायचे. काम सुटलं तरी हे सवयीने मिठागरावर जाऊन बसायचे, तिथे एकदा भाकरी द्यायला गेले तर हे राशीशी उकिडवे बसून बोटं चाटत होते. राखाडी, चिखल लागलेलं मीठ. मी जाऊन हातावर फटका मारला. सगळ्यांसमोर. खाडीच्या पाण्याने त्यांची बोटं धुतली, नखांतलं काढलं, वर मीठ ओढणाऱ्या बायांना बजावलं, ह्यांना राशीजवळ जाऊ देऊ नका. त्यांचं अंग काय मागत होतं ते अंगाला कळत होतं. मला कळत नव्हतं, आणि मी शिकलेली होते.

फक्त औषध ते आनंदाने घ्यायचे. बाटली काढली की हात पुढे. मी म्हणायचे, बघा, वेडाच्या लहरीतसुद्धा औषध सोडत नाहीत. ते खारट होतं म्हणून घेत होते. दिवसभरात तोंडाला लागणारी तेवढीच एक खारट वस्तू, आणि तेच विष.

मग ते बोलणं सुरू झालं. "ही माझ्या अन्नात कायतरी करते." आधी पुटपुटायचे, मग दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "माझी बायको मला मारते. भातातून मारते." ताट भिरकावायचे. मी घास भरवायला गेले की तोंड घट्ट मिटायचे आणि माझ्या हाताकडे असं बघायचे की मी घास खाली ठेवायचे. विहिरीवर बाया गप्प व्हायला लागल्या. मी रडून सांगायचे, अहो, डोकं फिरलंय त्यांचं, मी सोन्यासारखं पथ्य करते. आमची मुलगी चार वर्षांची होती, ती बापाला बघून माझ्या पदराआड जायची. त्यांना भिंतीवर माणसं दिसायची. तिच्या अंगावरून हात फिरवून विचारायचे, ही कोणाची पोर.

सासूबाई पालीच्या गणपतीला नवस बोलून आल्या. दिरांनी ठरवलं, शिमगा झाला की ठाण्याला नेऊन वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं. शिमग्याला वीस-बावीस दिवस होते. तिथे गेलेला आमच्या गावचा कुणी माणूस परत आलेला मी पाहिला नव्हता. बरा होवो न होवो, माझा माणूस मला भिंतीआड नको होता. मी मुलीला सासूबाईंपाशी ठेवलं, ह्यांना चार दिवस माहेरी नेते असं सांगितलं आणि चौलला घेऊन आले. एसटीत पूर्ण वेळ ते कंडक्टरला सांगत होते की ही मला मारायला नेते आहे. कंडक्टर माझ्याकडे बघायचा आणि मी खिडकीबाहेर.

माझ्या वडिलांच्या ओळखीचे एक म्हातारे डॉक्टर होते, लष्करातून निवृत्त होऊन वाडी करून राहिलेले. सुपारीच्या बागेत खाकी चड्डीवर फिरायचे. स्वभाव तिरसट. त्यांनी ह्यांचे फोड पाहिले, जीभ बघितली, चालायला लावलं. मग मला म्हणाले, "औषध काय?" मी बाटली दिली. त्यांनी बूच काढून थेंबभर औषध जिभेला लावलं.

"किती वर्षं?"

"सहा. आता सातवं."

"मीठ खातो का हा?"

मी अभिमानाने सांगितलं, "दीड वर्ष झालं, कणभर दिलं नाही."

डॉक्टर खुर्चीत बसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते हळू आवाजात, शाळेत शिकवावं तसं सांगायला लागले. बाटलीत ब्रोमाइड आहे. ते अंगात साठतं. मीठ पोटात जात असलं की थोडं थोडं लघवीवाटे बाहेर जातं. मीठ नसलं की ते मिठाच्याच जागी बसतं आणि हलत नाही. तोल, जीभ, फोड, भास, सगळं त्याचंच. "तुझा नवरा वेडा नाही. तुंबलाय." मग वर मान करून म्हणाले, "मिठागरावर राहतेस ना तू?"

मी हो म्हटलं.

बाटली त्यांनी ठेवून घेतली. फेफऱ्यासाठी वेगळ्या गोळ्या दिल्या, अगदी थोड्या. आणि मीठ. पेजेत मीठ, ताकात मीठ, मिठाचं पाणी मोजून दिवसातून सहा वेळा, वर पाणी, आणखी पाणी. मला वाटलं, घेतील आनंदाने. पण आता माझ्या हाताचं काहीच घेत नव्हते. सगळ्या जगात ज्या बाईने मीठ हिसकावलं तीच आता मिठाचं पाणी तोंडाशी धरते आहे, त्यांनी विश्वास ठेवावा तरी कसा. पहिला पेला त्यांनी माझ्या तोंडावर थुंकला. मग माझ्या वडिलांनी युक्ती केली. मी आधी अर्धा पेला प्यायचा, उरलेला ह्यांनी. सहा वेळा ह्यांच्यासाठी म्हणजे सहा वेळा मला. मला उलट्या व्हायच्या. त्या मी मागच्या दारी जाऊन काढायचे आणि तोंड पुसून पुन्हा समोर येऊन बसायचे.

पहिले आठ दिवस हाल झाले. भास वाढले, दोन फेफरी आली. दुसऱ्याच्या वेळी वडील म्हणाले, "पोरी, ती जुनी बाटलीच बरी होती का गं?" मी डॉक्टरांकडे धावले. ते सुपारीच्या झाडांना पाणी घालत होते. "येणारच," म्हणाले, "मीठ चालू ठेव." चालू ठेवलं. त्या दिवसांत मला ह्यांचा राग यायचा, हे कबूल करते. एवढं करूनही डोळ्यांत तोच संशय. वाटायचं, जाऊ दे ठाण्याला, मी सुटेन. असं वाटून झालं की पुढचा पेला भरायचे.

तिसऱ्या आठवड्यात फोड सुकायला लागले. झोप शांत झाली. मग एक सकाळ अशी आली की मी पेज घेऊन गेले तर हे सदऱ्याची बटणं लावत होते. पाचही बटणं, आपापल्या काजात. वर्षभर त्यांना ते जमलं नव्हतं. माझ्याकडे बघून म्हणाले, "आज तिथी काय हाय गो? उघाडी कोनी सोडली?" मी तिथी सांगितली, मग महिना, मग वर्ष. वर्ष ऐकून ते बोटांवर मोजायला लागले. मग विचारलं, "पोर केवढी झाली?"

चारचे चाळीस दिवस झाले. मधल्या काळात एकदा एकटीच जाऊन मी तालुक्याच्या त्या मोठ्या डॉक्टरांसमोर उभी राहिले आणि जे कळलं ते सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता, बाहेरची रांग ऐकत होती. त्यांनी चष्मा काढून पुसला. "सहा वर्षांत फेफरं आलं का?" म्हणाले. "नाही ना? मग औषधाने आपलं काम केलं." आणि कंपाउंडरला हाक मारली, पुढचा कोण. बाहेर पडताना रांगेतल्या दोघींच्या हातात तशाच रिकाम्या बाटल्या होत्या. त्यांना थांबवून सांगितलं. एकीने ऐकून घेतलं. दुसरी म्हणाली, "डाक्टरांपेक्षा तू शानी काय?"

हे बरे झाले. म्हातारे डॉक्टर म्हणाले, आता घरी जा. निघायच्या आदल्या दिवशी हे माझ्या वडिलांसमोर, आईसमोर उठून उभे राहिले. त्यांना उभं राहून बोलायची सवय नव्हती. म्हणाले, "मी हिला काय काय बोल्लो. लोकांसमोर बोल्लो. ही मला विष घालते बोल्लो. येड्याच्या भरात झालं. हिने माफ करावं." आणि माझ्या पायांकडे वाकायला लागले.

तेव्हा गप्प बसले असते तर आयुष्य सोपं गेलं असतं. त्यांना एवढंच माहीत होतं की औषध सोसलं नाही. मिठाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या दीड वर्षातलं धड काही त्यांना आठवतही नव्हतं. पण त्यांनी माझ्यापुढे वाकावं, हे मला सहन झालं नाही. मी त्यांना धरून खाली बसवलं आणि सांगितलं. मीठ मी बंद केलं. तुम्ही मागत होता, मी देत नव्हते. राशीवरून उठवून बोटं धुतली. अन्नात मी खरंच काहीतरी करत होते.

त्यांनी नीट ऐकलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. मी असं काहीतरी धरून चालले होते की ते रागावतील, रडतील, नाहीतर जवळ घेतील. ते म्हणाले, "म्हंजे मी येडा न्हवतो."

"नव्हता."

"मी बोलत होतो ते खरं होतं."

"हो."

"बघा मास्तर," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "मी येडा न्हवतोच." आणि इतके हसले, इतके मोकळे हसले, की मीही हसले.

गावी परतल्यावर त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. भावांना, मिठागरावर, बाजारात, ज्याने चौकीत बसवलं त्या हवालदारालासुद्धा. त्यात माझ्याबद्दल काडीचा राग नव्हता. ज्या गावाने वेडा म्हटलं त्या गावाला ते दाखवून देत होते की आपण वेडे नव्हतो. "हिने मला दीड वर्ष भातातून मारला, आनि हिनेच जगवला," असं पूर्ण वाक्य ते बोलायचे, दोन्ही अर्धी. हळूहळू पाण्याचं काम त्यांच्याकडे परत आलं. लोक त्यांना विचारून उघाडी सोडायला लागले. पोर त्यांच्या खांद्यावर बसून मिठागरावर जायला लागली.

लोकांनी त्या वाक्यातलं पहिलंच अर्धं ठेवून घेतलं. हळदीला, बारशाला मला चुलीपाशी कुणी बोलावेना. वाढायला उठले की कुणीतरी हसत हातातून भांडं काढून घ्यायचं, "तू बस गो." सासूबाई मरेपर्यंत स्वतःच्या भातात मीठ स्वतः घालायच्या, तेही माझ्यासमोर. मी ह्यांना एकदा म्हटलं, तुम्ही सगळीकडे ते सांगता, मला त्याचा त्रास होतो. त्यांना खरोखरच नवल वाटलं. "खोटं बोलतो का मी?" म्हणाले. खोटं नव्हतं.

पुढे त्यांना ते पूर्ण वाक्य बोलायचा कंटाळा यायला लागला असावा. मुलीच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले होते. जेवणं झाली, सगळे ओटीवर बसले, आणि हे मजेत, पानाला चुना लावता लावता, व्याह्यांना सांगायला लागले, "हिने मला दीड वर्ष भातातून मारला." मी आतून कान देऊन पुढच्या अर्ध्याची वाट बघत राहिले. ह्यांनी पान तोंडात घातलं आणि भरतीची गोष्ट काढली. व्याहीणबाईंनी आत येऊन माझ्या मुलीला विचारलं, "स्वयंपाक तू केलास, का आईने?"